मांडव आणि वाट

रस्ता सर्वांचा, हें वाक्य आपण इतक्या सहजपणें उच्चारतों कीं, त्यांत दोन अर्थ दडलेले आहेत हें ध्यानांत येत नाहीं. सर्वांचा म्हणून त्यावर सर्वांनीं मिळून उत्सव करावा, हा एक अर्थ. आणि सर्वांचा म्हणून तो कोणींहि कोणास बंद करूं नये, हा दुसरा. आपल्या गल्ल्यांतून दरवर्षीं पडणारे मांडव या दोन अर्थांच्या सीमेवर उभे असतात. हा वाद आजकालचा आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु त्याची मुळें सव्वाशें वर्षांहून खोल गेलेलीं आहेत, आणि तीं पाहिल्यावांचून निवाडा करणें न्यायाचें होणार नाहीं.

मुळांत मांडव हा घरचा. लग्नकार्य निघालें कीं दारापुढें मांडव पडे, आणि अंगण अपुरें पडलें तर त्याचे खांब वाटेवर येत. परंतु ज्याच्या दारावरून तो जाई, तो शेजारी त्या कार्यांत पाहुणा तरी असे किंवा राबणारा तरी. त्याची गाडी अडली तर ती काढून देणें हें यजमानाचें काम. आणि उद्यां त्याच्या घरीं कार्य निघालें म्हणजे हाच हिशेब उलट फिरे. परवानगीचा कागद नव्हता. परतफेडीची खात्री होती.

शहरें वाढलीं, शेजारी अनोळखी झाले, आणि ही खात्री कागदावर उतरविणें भाग पडलें. मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें रस्त्यांत अडथळा होईल असें बांधकाम करण्यास सामान्यतः मनाई केली. परंतु त्याच कायद्याच्या ३१७ व्या कलमांत सण-समारंभांच्या प्रसंगीं रस्त्यावर तात्पुरता मांडव घालण्यास, पोलिस कमिशनरांच्या संमतीनें, म्युनिसिपल कमिशनरांना लेखी परवानगी देतां येईल अशी सवलत ठेवली. या कलमांत दोन कमिशनर आहेत. ज्याच्या दारापुढें मांडव पडावयाचा तो शेजारी मात्र त्यांत नाहीं. पूर्वीं ज्याला विचारावें लागे, त्याच्या जागीं कचेरी आली. सार्वजनिक गणेशोत्सव तेव्हां अजून सुरू व्हावयाचा होता, हेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

तो उत्सव सुरू झाला तेव्हां रस्त्यावर मुक्काम करण्याचा त्याचा विचार नव्हता. गिरगांवांत १८९३ मध्यें उत्सव सुरू झाला तो केशवजी नाईक यांच्या चाळींत. पुण्यास लोकमान्य टिळकांनीं १८९४ मध्यें गणपति बसविला तो विंचूरकर वाड्यांत. मिरवणूक अर्थात् रस्त्यानेंच जाई. पण मिरवणूक जाते आणि मांडव राहतो, हा भेद लहान नव्हे. पुढें व्याख्यानें व मेळे यांस गर्दी लोटूं लागली, वाड्यांचे चौक अपुरे पडले, आणि चाळींतील कामकरी वर्गाला तर चौक असा नव्हताच. लालबागचें उदाहरण बोलकें आहे. तेथील कोळी व व्यापारी यांनीं १९३४ मध्यें गणपति बसविला, तो बाजारास हक्काची जागा मिळावी म्हणून केलेल्या नवसाचा. ज्यांना स्वतःचें अंगण नाहीं त्यांनीं रस्त्याला अंगण केलें, तर त्यांस केवळ दांडगाईचा दोष देतां येत नाहीं.

इंग्लंडांतहि हें घडलें आहे. १९१९ मध्यें महायुद्धाच्या शांततेप्रीत्यर्थ आणि १९४५ मध्यें दुसऱ्या महायुद्धांतील विजयानंतर तेथील कामकरी वस्त्यांतून रस्त्याच्या मधोमध मेजें मांडून मुलांना खाऊ घातला गेला. अशा प्रसंगीं गल्ली बंद ठेवण्यासाठीं तेथें १८४७ च्या एका जुन्या पोलिस कायद्याचा आधार घेतात. मात्र गल्लींतील प्रत्येक घरास आधीं कळविणें आणि रुग्णवाहिकेस व अग्निशामक बंबास वाट मोकळी ठेवणें हें तेथें यजमानांकडून अपेक्षित असतें. म्हणजे कचेरीच्या कागदांत शेजाऱ्याला पुन्हां जागा मिळाली.

आपल्याकडे ती जागा न्यायालयांनीं करून दिली. रस्त्यावरील सभांचें नियमन सरकारनें करावें, पण लहर लागेल तशी बंदी घालूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७२ मध्यें अहमदाबादच्या एका प्रकरणांत ठरविलें. हा पहिल्या अर्थाचा विजय होता. पुढें ठाण्यांतील एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ व २०१६ मध्यें दुसऱ्या अर्थाची बाजू उचलून धरली. नीट, मोकळा रस्ता हा नागरिकाच्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. रस्ता अडवून पूजा करण्याचा मूलभूत हक्क कोणासहि नाहीं. वाहतूक आणि पादचारी यांना अडवील अशा मांडवास परवानगी देऊं नये, असा त्या निर्णयांचा आशय आहे.

सातपुड्याकडे पाहिलें तर हा प्रश्न किती जागेचा आणि किती मनाचा, तें कळतें. नंदुरबार जिल्ह्यांत काठीच्या होळीस हजारों माणसें लोटतात, रात्रभर नाचतात. पण तो सोहळा मोकळ्या जागेंत असल्यामुळें कोणाचें दार अडत नाहीं. त्याच जिल्ह्यांत सुरत–भुसावळ लोहमार्गावरील खांडबाऱ्यासारख्या स्टेशनाच्या गांवांत घरें आणि दुकानें जसजशीं दाटत जातील, तसतसा तेथेंहि मांडव आणि वाट यांचा प्रश्न उभा राहणार. ग्रामपंचायतीस रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकार १९५८ च्या कायद्यानें दिलेला आहे. पण अधिकार वापरण्याची वेळ येते ती शेजारधर्म हरल्यावरच.

मांडवाची खरी कसोटी वर्गणीच्या आंकड्यानें होत नाहीं. अपरात्रीं प्रसूतीच्या वेणा सुरू झालेल्या बाईची गाडी त्या गल्लींतून बाहेर पडते कीं नाहीं, आणि जो वर्गणी देत नाहीं, ज्याचा देव निराळा आहे, ज्याच्या घरीं त्याच दिवशीं दुःख आलें आहे, त्याला आपल्या उंबऱ्यापर्यंत कोणास न विनवतां पोंचतां येतें कीं नाहीं, एवढें पाहावें. जुन्या यजमानाला हें कोणीं शिकवावें लागत नव्हतें, कारण उद्यां मांडव शेजाऱ्याचा असणार हें तो जाणून होता. आज शेजाऱ्याचा मांडव कधींच पडणार नसेल, तरीहि त्याची वाट राखणें, हीच उत्सवाच्या सार्वजनिकपणाची खूण होय.