मेहुणा राजाचे कष्टकरी घर

आपल्या देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखोबांचे जन्मगाव मानतात. मेलेली गुरे ओढायची, पडेल ते गावकाम करायचे, हे त्या घराच्या वाट्याला आलेले. पण चोखोबा, सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचे यजमान बंका आणि लेक कर्ममेळा, सगळेच अभंग रचणारे! कर्ममेळ्याने तर आमचा जन्म असा का, म्हणून देवालाच जाब विचारला. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर झाली. त्यांच्या माणसांना राउळात जायला मात्र १९४७ उजाडले. साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावे लागले. म्हणून माउली, नामदेव पायरीला माथा टेकण्याआधी आम्ही चोखोबांपाशी थांबतो. तुम्हीही थांबा.