दोन रोहिणी

वृषभ राशीतल्या तांबड्या ताऱ्याला आपण रोहिणी म्हणतो, अरब त्याला ‘अद्-दबरान’ म्हणजे मागून येणारा म्हणत. कृत्तिकांच्या पाठोपाठ तो उगवतो, म्हणून. अरबांनी क्रम पाहिला. मग आपल्या पूर्वजांनी रंगच पाहिला कशावरून? संस्कृतात ‘रोहित’ म्हणजे लाल आणि ‘रोहिणी’ म्हणजे तांबडी गाय हे खरे, पण एवढ्याने भागत नाही. तैत्तिरीय ब्राह्मण हे नाव ‘रुह्’ म्हणजे चढणे, वाढणे या धातूशी जोडते. शिवाय रोहिणीच्या पावसावर धूळपेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला उगवणीचाच अर्थ जवळचा वाटेल. मात्र त्याचा हा पाऊस अलीकडचा आहे. संपातचलनामुळे नक्षत्रे ऋतूंच्या मानाने ७२ वर्षांत सुमारे एक अंश सरकतात. आज सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणीत येतो. तीन हजार वर्षांपूर्वी तो ऋतुमानाने सुमारे सहा आठवडे आधी, ऐन उन्हाळ्यात येत असे. नाव तर तेव्हाही जुनेच होते. ब्राह्मणग्रंथांच्या व्युत्पत्त्याही बहुधा यज्ञाचे फळ सांगण्यासाठी बेतलेल्या असतात.

निर्णायक पुरावा तैत्तिरीय संहितेच्या नक्षत्रयादीत आहे. तिथे रोहिणी दोनदा येते: एकदा प्रजापतीची, आणि पुढे, आज आपण जिला ज्येष्ठा म्हणतो तिथे, इंद्राची. यावर कोणी म्हणेल, फल्गुनी आणि अषाढाही दोन-दोन आहेत, त्यात विशेष काय? विशेष हे की त्या जोड्या शेजारी-शेजारी आहेत, एकाच आकृतीचे पूर्व आणि उत्तर भाग. दोन रोहिणी मात्र क्रांतिवृत्तावर जवळजवळ १८० अंशांनी समोरासमोर आहेत. एक उगवते तेव्हा दुसरी मावळतीला असते. आकृती, क्रम, ऋतू, काहीच समान नाही. समान आहे तो लाल रंग, आणि चंद्राच्या वाटेवर इतके तेजस्वी तांबडे तारे हे दोनच. ग्रीकांनीही ज्येष्ठेच्या ताऱ्याला अँटारेस, मंगळाचा प्रतिस्पर्धी, म्हटले ते याच रंगामुळे. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापतीची कन्या तांबडी हरिणी होते आणि तीच रोहिणी, असे तो ग्रंथ सांगतो. कथा नावावरून रचलेली असेल, म्हणून तिला मूळ पुरावा मानू नये. पण त्या काळच्या कानाला नावात लाली ऐकू येत होती, एवढे तिच्यावरून नक्की ठरते. एका यादीत दोन रोहिणी गैरसोयीच्याच. अथर्ववेदाच्या यादीत दुसरीच्या जागी ज्येष्ठा दिसते आणि पुढे तेच नाव रूढ झाले.