उरलेल्या लोकरीची कुळकथा

उरलेली लोकर ही वस्तू तशी अलीकडची. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं कातरली गेली, पण लोकर घरात साठून राहिली असं फारसं झालं नाही. धनगरांच्या कथांत मेंढरं वारुळातून बाहेर पडली आणि महादेवानं त्यांना राखायला धनगर नेमला. तिथपासून घोंगडीपर्यंतचा हिशेब सरळ होता.

दख्खनी मेंढीची लोकर वर्षाला जेमतेम अर्धा किलो, तीही राठ. म्हणजे एका घोंगडीत निदान पाच-सहा मेंढ्यांचं वर्ष जातं. लोकर पिंजायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचं, मग ते सनगराकडे किंवा खुटेकर धनगराकडे जायचं. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्यानं चोपडायची, उन्हात वाळवायची आणि खड्ड्याच्या मागावर विणायला बसायचं. सूत असेल तेवढी घोंगडी. कमी पडलं तर ती आखूड. कोकरांच्या पहिल्या लोकरीची, जावळाची, मऊ घोंगडी मात्र वेगळी राखायची. शेवटी ताण्याची जी टोकं मागावर राहत, त्यांना पीळ घालून दशा केल्या जात. रंग मेंढीचा, लांबी सुताची. गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे हा प्रश्न त्यानंतरचा. काम रखडलं की आपण त्याला भिजत घोंगडं म्हणतो. ज्यांनी घोंगड्या विणल्या त्यांच्यावर हा जरा अन्यायच आहे.

दोन सुयांचं विणकाम युरोपीय मंडळींबरोबर आलं आणि मिशनच्या मुलींच्या शाळांतून घरोघर शिरलं. त्यानं क्रम उलटा केला. आधी डोक्यात स्वेटर, मग दुकानातून लोकर. गुंडा ठरलेल्या वजनाचा आणि छटा कारखान्यानं ठरवलेली. नंतर गेलं तर तोच रंग मिळेल याची खात्री नाही, म्हणून शहाणी बाई एक गुंडा जास्तच घेते. उरलेली लोकर जन्मली ती इथं. बाळाचा स्वेटर विणता विणता बाळ मोठं झालं की सुयांसकट अर्धी पाठही उरलेल्या लोकरीच्याच डब्यात जाऊन पडते.

उरलेल्यावर कारखानेही उभे राहिले. 1813 च्या सुमारास इंग्लंडातल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ यानं लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढलं. त्या सुताचं नाव शॉडी. पुढे हाच धंदा पानिपतात फोफावला. परदेशांतून गाठोड्यांनी आलेले जुने स्वेटर तिथं फाडून, पिंजून स्वस्त ब्लँकेटं निघाली आणि ती आपल्या आठवडी बाजारांतही पोचली. घोंगडीला मारलं ते प्रामुख्यानं या ब्लँकेटांनी, असं माझं मत आहे. शेतकरी पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेत होता, तोवर तिला तोड नव्हती. प्लॅस्टिकचा कागद आला आणि तेही संपलं. आता अनेक ठिकाणी कातरण्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते आणि लोकर रानातच टाकून दिली जाते. मेंढीचं मोल मात्र घटलेलं नाही. 2020 मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळी मेंढ्याला 70 लाखांची मागणी आल्याची बातमी गाजली होती. त्याची किंमत अंगावरच्या लोकरीमुळे नव्हती, हे सांगायला नको.

डब्यातल्या गुंड्यांना आपल्याकडे हक्काची वाट आहे ती रुखवताची. लोकर म्हणून आपण जी जपतो ती बहुतेक ॲक्रिलिक, मेंढीशी तिचं नातं नावापुरतं. पण तोरण, रुमाल, पोपट, कलशाची झालर यांना ती चालते. इथं सुयांपेक्षा क्रोशा बरा, कारण प्रत्येक फूल सुटं होतं आणि दोन हात धागाही वाया जात नाही. जाड-बारीक एकत्र करू नये एवढं पथ्य पाळावं. बारीक धागा दुहेरी घेतला की निभतं. रंग जुळत नसतील तर प्रत्येक फुलाची कड एकाच रंगाची करावी, उरलेला पिवळा त्यासाठी उत्तम. लग्न झाल्यावर ते तोरण माळ्यावर जातं, तो भाग वेगळा.