शारजातले मोत्यांचे घर

अरबीत बैत म्हणजे घर. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना मात्र हा शब्द बैतबाजीमुळे ठाऊक असतो, तिथे बैत म्हणजे शेर. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे शारजाला गेलो, तेव्हा जुन्या बाजाराजवळचे बैत अल नबूदा पाहिले.

१८४५च्या सुमारास बांधलेले हे घर मोत्यांचे व्यापारी उबैद बिन ईसा यांचे. नबूदा हे त्यांचे टोपणनाव. समुद्रातल्या प्रवाळ दगडाच्या जाड भिंती, मधे अंगण, भोवती खोल्या. तीन बायका आणि त्यांची लेकरे इथे नांदली. १९७२पर्यंत कुटुंब इथेच राहत होते. आता संग्रहालय आहे. झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, दागिने, मुलांची खेळणी, सगळे मांडून ठेवले आहे.

अंगणातले खांब सागवानी, लाकूड हिंदुस्तानातून आलेले. त्या काळी आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईच होती. आखातात व्यवहारही रुपयांत चालत, अगदी १९६६पर्यंत. आज आपण दिरहम मोजतो, तेव्हा ते रुपये मोजत!

एक गोष्ट खटकली. हे रोजचे जगणे म्हणायचे, पण कोणाचे? मोती काढणारा पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून उन्हाळाभर बुड्या मारायचा. बहुतेक जण कर्जात असायचे, बापाचे कर्ज मुलाच्या माथी यायचे. त्यांची घरे खजुराच्या झावळ्यांची, ती कशी टिकणार? पुढे जपानचे कृत्रिम मोती आले, जागतिक मंदी आली आणि १९३०च्या आसपास हा धंदाच बसला.

तरी शेठजींचे का होईना, एक घर राहिले. आमचे कोकणातले जांभ्या चिऱ्याचे कौलारू घर आम्हीच पाडले, तेही इथून गेलेल्या पैशांवर. स्लॅबचे घर हवे, हा हट्ट माझा होता. अम्मीचे जाते परसात उलटे पडून राहिले, पानदान भंगारवाल्याने नेले.

स्वयंपाकघरातली भांडी पाहता पाहता भाऊ एका सागवानी दारापाशी थांबला. हात लावायला मनाई होती.

"भाईजान, आपल्या माजघराचं दार कुठे आहे?"

सुताराला विकले, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.