डॉ. एमिल हाखा : न्यायासनावरून राष्ट्राध्यक्षपदावर

चेकोस्लोव्हाकियाचे नाव निघाले की आपल्याकडच्या वाचकाला मासारिक आणि बेनेश हे दोन राष्ट्राध्यक्ष चटकन आठवतात. तिसरा कोण, असे विचारले तर बहुतेक जण थबकतील. तो देशही आता उरलेला नाही. १९९३ च्या आरंभी त्याची चेक आणि स्लोव्हाक अशी दोन राज्ये झाली. पण त्या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षाविषयीचा वाद काही मिटलेला नाही. डॉ. एमिल हाखा हे त्यांचे नाव. कोणी त्यांना देशद्रोही म्हणतात, कोणी नुसते ‘बिचारे’ म्हणून सोडून देतात. मला स्वतःला या दोन्ही शब्दांनी समाधान होत नाही. का, ते पुढे कळेलच.

हाखा यांचा जन्म १२ जुलै १८७२ रोजी दक्षिण बोहेमियातील त्रहोवे स्विनी या लहानशा गावी झाला. त्या वेळी बोहेमिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. प्रागच्या विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करून ते डॉक्टर झाले आणि सरकारी कारभारात शिरले. राजकारणाची त्यांना मुळीच हौस नव्हती. इंग्रजी वाङ्मयाची मात्र भारी गोडी. जेरोमचे ते नावेतल्या तिघांचे विनोदी पुस्तक आपल्याकडेही पुष्कळांनी वाचलेले असेल; ते चेक भाषेत आणले ते या हाखांनी, आपल्या भावाच्या मदतीने. ते कविताही करीत. असा हा पुस्तकात रमणारा, मवाळ प्रकृतीचा गृहस्थ.

त्यांचे खरे क्षेत्र म्हणजे प्रशासकीय न्याय. हा काय प्रकार आहे, ते थोडे समजून घेतले पाहिजे. समजा, एखाद्या सरकारी कचेरीने तुमचा परवाना नाकारला, निवृत्तिवेतन अडवले, नाही तर जादा कर बसवला. वरच्या कचेरीत अपील केले, तिथेही नकार. मग जायचे कुठे? ऑस्ट्रियात १८७५ च्या कायद्याने अशा माणसासाठी एक स्वतंत्र न्यायालय उघडले गेले. हे न्यायालय कचेरीच्या जागी बसून स्वतः परवाना देत नसे. कचेरीचा हुकूम बेकायदा ठरला तर तो रद्द करी, आणि न्यायालयाने सांगितलेला कायद्याचा अर्थ पाळून नवा निर्णय देणे कचेरीला भाग पडे. अधिकाऱ्याची सही कायद्याच्या आत आहे की बाहेर, एवढेच इथे तपासायचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हाखा व्हिएन्नाच्या या न्यायालयात होते. १९१८ साली चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला, तेव्हा नव्या प्रजासत्ताकाने प्रागमध्ये तसेच सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय स्थापन केले. हाखा तिथे आले आणि १९२५ मध्ये त्याचे मुख्य न्यायाधीश झाले. तेरा वर्षे ते त्या आसनावर होते. चेकोस्लोव्हाक सार्वजनिक कायद्याचा जो मोठा कोश निघाला, त्याच्या संपादकांतही ते होते.

१९३८ साली ते सहासष्ट वर्षांचे झाले. पत्नी त्याच वर्षी वारली होती, प्रकृती ढासळली होती. आता विश्रांती, असे त्यांनी मनाशी म्हटले असेल. पण सप्टेंबरअखेर म्युनिकला ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जर्मनी या चौघांनी बसून त्या देशाचा सीमाप्रदेश हिटलरला देऊन टाकला. ज्याचा मुलूख, त्याला बैठकीत जागाच नव्हती! बेनेश यांनी ५ ऑक्टोबरला राजीनामा दिला आणि पुढे ते इंग्लंडला गेले. उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या देशाला कोणत्याच पक्षाचा नसलेला, कोणाच्या डोळ्यांत न सलणारा अध्यक्ष हवा होता. ३० नोव्हेंबरला संसदेने हाखांना निवडले.

पुढे चारच महिन्यांत १४ मार्च १९३९ उजाडला. त्या दिवशी स्लोव्हाकिया जर्मनीच्या दडपणाखाली फुटून निघाला. हाखा त्याच दिवशी आगगाडीने बर्लिनला निघाले. बरोबर मुलगी मिलादा आणि परराष्ट्रमंत्री ख्वालकोव्स्की. हृदयविकारामुळे विमानाचा प्रवास त्यांना मानवणारा नव्हता. बर्लिनच्या स्थानकावर सैनिकी मानवंदना, मुलीला फुलांचा गुच्छ, सगळे यथासांग झाले. आणि त्याच संध्याकाळी जर्मन फौजा ओस्त्रावाच्या मुलखात शिरल्यादेखील होत्या!

हिटलरने त्यांना मध्यरात्र उलटून तासभर होईपर्यंत तिष्ठत ठेवले. तो चित्रपट पाहत बसला होता म्हणतात. मग भेट झाली. सकाळी सहाला सैन्य आत येणार हे ठरलेलेच आहे, विरोध केलात तर देशाचा चुराडा होईल, असे त्याने सांगितले. गोअरिंगने प्रागवर बॉम्ब टाकण्याची धमकी दिली. म्हातारे हाखा तिथेच कोसळले. हिटलरचा डॉक्टर मोरेल याने सुई टोचून त्यांना शुद्धीवर आणले. टेलिफोनवरून प्रागला निरोप गेला : प्रतिकार करू नका. पहाटे चारच्या सुमारास हाखांनी सही केली. चेक लोकांचे भवितव्य आपण विश्वासाने जर्मनीच्या नेत्याच्या हाती सोपवीत आहोत, अशा अर्थाचा तो कागद होता.

वाचकहो, इथे जरा थांबा. १९२० च्या चेकोस्लोव्हाक घटनेत स्पष्ट लिहिले होते की, देशाच्या मुलखात फेरफार करणाऱ्या करारास राष्ट्रीय सभेची संमती पाहिजे. अध्यक्षाला एकट्याने हे करता येत नव्हते, आणि हे हाखांइतके स्वच्छ कोणाला ठाऊक असणार? आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या बेकायदा सह्या रद्द केल्या. ही सही त्यांच्याच न्यायालयात आली असती, तर ती टिकती ना. पण ती रद्द करणारे न्यायालय त्या रात्री बर्लिनमध्ये कुठे होते? दुसऱ्या पारड्यात प्राग शहर होते, आणि माणसे होती. धमकी पोकळ नव्हती. त्याच सप्टेंबरात वॉर्सावर काय कोसळले ते जगाने पाहिले. त्या रात्रीच्या हाखांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. हाखांची गाडी वाटेत रखडली आणि ते परत पोचण्याआधीच हिटलर प्रागच्या राजवाड्यात येऊन बसला होता.

प्रश्न आहे तो पुढच्या सहा वर्षांचा. ‘संरक्षित राज्य’ असे गोंडस नाव देऊन जर्मनांनी हाखांना अध्यक्षपदावर तसेच ठेवले. प्रथम त्यांनी जमेल तेवढे सावरले. नोव्हेंबर १९३९ मध्ये नाझींनी चेक विद्यापीठे बंद केली, नऊ जणांना गोळ्या घातल्या आणि बाराशेंहून अधिक विद्यार्थी छळछावणीत धाडले. त्यांच्या सुटकेसाठी हाखांनी पुन्हा पुन्हा रदबदली केली आणि मुले थोडीथोडी करून परत आली. ज्या घरी मुलगा आला, त्या घराला हाखा काय वाटले असतील?

पण सप्टेंबर १९४१ मध्ये हायड्रिख प्रागला आला आणि येताच त्याने हाखांच्या पंतप्रधानाला, जनरल एलियाश यांना पकडले. त्यांचा लंडनशी गुप्त संबंध होता. मृत्युदंड ठरला. या वेळी हाखांनी पद सोडायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी सोडले नाही. नोव्हेंबरात बोहेमियाच्या राजमुकुटाच्या सात किल्ल्या त्यांनी हायड्रिखपुढे ठेवल्या. त्याने तीन परत दिल्या! मे १९४२ मध्ये हायड्रिखवर हल्ला झाला, तेव्हा हाखांनी नभोवाणीवरून बेनेशना दूषणे दिली. जूनमध्ये लिदित्से गाव जाळले गेले, १९ तारखेला एलियाशना गोळ्या घालण्यात आल्या. राजीनामा दिला तर लोकांचे आणखी हाल होतील, हीच भीती त्यांना प्रत्येक वेळी अडवीत होती. सह्या मात्र होत राहिल्या. अखेरच्या वर्षांत तर त्यांची स्मृती आणि बुद्धी इतकी क्षीण झाली की, कशावर सही करतो हेही त्यांना उमगेनासे झाले.

युद्ध संपताच, १३ मे १९४५ रोजी, लानी येथील वाड्यातून त्यांना अटक करून पांक्राट्सच्या तुरुंगातील रुग्णालयात नेण्यात आले. १९ जूनला बेनेश यांनी देशद्रोह्यांना शिक्षा देणारा हुकूम काढला. २७ जूनला हाखा वारले. खटला उभा राहिलाच नाही. प्रागच्या विनोहराडी दफनभूमीत, पत्नीशेजारी, त्यांना गाजावाजा न करता पुरले. थडग्यावर त्या वेळी नावही घातले नाही.