साधं पेट्रोल की जास्त ऑक्टेनचं? गाडीत कोणतं भराल, जाणून घ्या

वाणगाव : महाग पेट्रोल भरलं की गाडी जास्त पळते, असा अनेकांचा समज आहे. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात दाब वाढल्यावर पेट्रोल अवेळी पेटू नये, याचं ते माप.

बीएस-६ साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान ९१, तर २० टक्के इथेनॉलच्या ई-२० चं किमान ९५ असतं. इंडियन ऑइलचं एक्सपी-१०० हे १०० ऑक्टेनचं.

मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलं असेल, तर त्याहून महाग पेट्रोलचा खर्च सहसा वाया जातो. ९५ लिहिलं असेल, तर त्यापेक्षा कमी भरू नका. चढावर किंवा गाडी भरलेली असताना इंजिनातून टकटक आवाज आला, तर मेकॅनिकला दाखवा. दुर्लक्ष केल्यास पिस्टन खराब होऊ शकतो. जुन्या गाडीचे रबरी पाइपही तपासून घ्या, इथेनॉलने ते लवकर खराब होऊ शकतात.