कूपने मोजली गेली, नाणी मोजायची राहिली

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड. कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जाणाऱ्या या रस्त्यावर 2013 पासून नवे महाराष्ट्र सदन उभे आहे. कामानिमित्त राजधानीत येणाऱ्या मराठी माणसाला ही वास्तू परिचित आहे. येथून जवळच, टिळक मार्गावर, सर्वोच्च न्यायालय आहे. पुणे, नांदेड, कोल्हापूरपर्यंत धागे पोहोचलेले एक प्रकरण 2023 मध्ये याच न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. त्याचे नाव गेनबिटकॉईन.

अमित भारद्वाज याने 2015 मध्ये ही योजना सुरू केली. गुंतवणूकदाराने बिटकॉईन द्यावे आणि 18 महिने दरमहा 10 टक्के परतावा घ्यावा, असे तिचे आश्वासन होते. म्हणजे एका नाण्याची 1.8 नाणी. हा परतावा ‘क्लाउड मायनिंग’मधून, म्हणजे दूरच्या संगणकांवरील उत्खननातून येईल, असे सांगितले जात होते.

या आश्वासनाची परीक्षा बिटकॉईनच्या रचनेतच दडलेली होती. या चलनाची एकूण संख्या 2 कोटी 10 लाखांपलीकडे जाऊ शकत नाही. साधारण दर 10 मिनिटांना हिशेबाचा एक नवा ठोकळा जोडला जातो आणि तो जोडणाऱ्याला ठरावीक नाणी मिळतात. जगभर यंत्रे वाढली, तरी निघणारी नाणी वाढत नाहीत; कोडे आपोआप अधिक कठीण होते आणि प्रत्येक यंत्राचा वाटा घटतो. त्यातच दर 2 लाख 10 हजार ठोकळ्यांनंतर बक्षीस निम्मे होते. जुलै 2016 मध्ये ते 25 वरून 12.5 नाण्यांवर आले. जगात दररोज निघणारी नवी नाणी सुमारे 3,600 वरून 1,800 झाली. आटत जाणाऱ्या विहिरीतून दरमहा तेवढेच पाणी देण्याची हमी कोण देणार?

असा हिशेब शंभर वर्षांपूर्वी एकदा झाला होता. 1920 मध्ये बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी 45 दिवसांत 50 टक्के नफा देत होता. नफा आंतरराष्ट्रीय टपाल कूपनांच्या व्यापारातून येतो, असे तो सांगे. तेव्हा कूपने मोजली गेली. त्याच्या व्यवहारासाठी सुमारे 16 कोटी कूपने हवी होती. चलनात होती जेमतेम 27 हजार. जुन्यांना मिळणारा नफा नव्यांच्याच खिशातून येत होता.

गेनबिटकॉईनमध्येही, तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार, हेच घडले. 2017 च्या सुमारास नवे लोक येणे मंदावले. मग परतावा बिटकॉईनऐवजी ‘एमकॅप’ या योजनेच्याच घरच्या नाण्यात दिला जाऊ लागला, ज्याचे मोल फारच कमी होते. एप्रिल 2018 मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी 2022 मध्ये खटला सुरू असतानाच त्याचा मृत्यू झाला. जमा झालेल्या बिटकॉईनचे मोल 2017 च्या भावाने 6,600 कोटी रुपये होते, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने देशभरात 60 हून अधिक ठिकाणी झडती घेतली. हाती लागलेले आभासी चलन सुमारे 23.94 कोटी रुपयांचे होते.

या इतिहासाला आणखी एक दुःखद पदर आहे. तपासात मदतीसाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, आरोपींची नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, मार्च 2022 मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. ज्याच्या हाती गुप्त कळ, त्याच्या हाती नाणे, हा या चलनाचा कठोर नियम आहे. म्हणूनच ‘बुडालेली नाणी परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्यालाही कळ सांगू नये.

रिझर्व्ह बँकेने आभासी चलनांच्या जोखमीचा इशारा 24 डिसेंबर 2013 रोजीच, या योजनेच्या आधी, दिला होता. आज ॲप बदलले, नावे बदलली, तरी तपासणीचे प्रश्न जुनेच आहेत. नफा नेमका कोठून येतो? तो स्रोत मोजता येतो का? परतावा निश्चित कसा? नवा माणूस आणल्याबद्दल दलाली मिळते का? आणि इतका खात्रीचा नफा असेल, तर देणाऱ्याला परक्याचे पैसे कशाला हवेत? उत्तरे न मिळाल्यास पैसे देऊ नयेत. फसवणूक झालीच असेल, तर विनाविलंब 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.